राहीचा दुसरा शेवट

मी, दामिनी नवशा विशे, वय चौसष्ट, कादंबऱ्या लिहिणारी, राहणार आटगाव, तालुका शहापूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, माझ्या मर्जीने लिहिते. माझ्या शुद्धीबद्दल डॉक्टरांना शंका नाही. धाकट्या भावाला, सुदामला, ती पहिल्यापासून आहे.

१. राहतं घर, पुस्तकं आणि लिहायचं टेबल सुदामची मुलगी भाविका हिला. टेबल विहिरीकडच्या खिडकीपाशी ठेवू नये.

२. माझी अपुरी कादंबरीही भाविकालाच. राणीच्या राज्यात कसारा घाटात रूळ टाकणारा गोरा साहेब आणि त्याच्याकडे स्वयंपाकाला असलेली राही, यांची ती गोष्ट. साहेब उघडे पाय दिसू नयेत म्हणून टेबलाच्या पायांनाही झालर लावतो, रविवारी प्रार्थना म्हणतो आणि राहीला त्याच्यापासून दिवस गेल्यावर तिलाच पापी ठरवून हाकलतो. त्या काळच्या कादंबऱ्यांत अशी बाई शेवटी मरायचीच आणि साहेब बोटीने घरी जायचा. ही रीत मला मोडायची होती, म्हणून दोन शेवट लिहिले. पहिल्यात राही विहिरीत उडी घेते. दुसऱ्यात मूल कडेवर घेऊन घाट उतरते. दोन्हींत मीही आहे, विहिरीच्या काठावर बसलेली लेखिका. पहिल्यात बुडालेली राही मला न्यायला परत येते. ते मी आपलं गंमत म्हणून लिहिलं होतं.

३. भात पेरण्याआधी आम्ही शेतात पालापाचोळा पसरून राब भाजतो. यंदा त्यात पहिला शेवट जाळायला मी सुदामला सांगितलं. त्याने दुसरा जाळला, आणि चुकून नव्हे. विचारलं तर म्हणाला, "ताई, असली बाई सुखानं जगली तं आपल्या पोरींना काय सांगाचं?" साहेब केव्हाच गेला, झालर आमच्या घरात राहिली. सुदामवरचा राग मी कोणाच्या नावे करत नाही. तो सोबत नेते.

४. तेव्हापासून भर दुपारी, वारा नसताना, विहिरीचा रहाट करकरतो. मी लिहायला बसले की हात पहिलाच शेवट लिहितो. मला भीती वाटते. भाविकाने दुसरा शेवट माझ्या तोंडून ऐकलाय; तिने तो पुन्हा लिहावा. मुरबाडकडच्या शेतातला माझा वाटा सुदामला, पण तो शेवट त्याने गावदेवीसमोर सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवल्यावरच. भाविका, घाई कर गो.

ठिकाण: आटगाव. २२ मे २०२५, दुपार.
सही: दामिनी नवशा विशे

साक्षीदार पहिली: प्रेमा धाकलू विशे, शेजारीण. सही करून घरी गेली.

साक्षीदार दुसरा: गावातला बुधू येणार होता, आला नाही. विहिरीकडून एक बाई आली. "बाय, माझा आंगठा चालंल?" म्हणाली. मी नाव विचारलं नाही. अंगठा घेतला आहे. ओला होता, शाई पसरली. तिच्या कडेवर मूल नाही.