वलांडीवरचा चार नंबर

उत्तन, मंगळवार

प्रिय समीक्षा,

तू माझा नंबर ब्लॉक केलास त्याला पाच महिने झाले, म्हणून हा कागद. सुलूमावशी गुरुवारी वसईला बहिणीकडे जातेय, तिच्या हाती देतोय. ती म्हणाली, "देईन, पन तिनं फाडलान तर माज्याकडं रडत यायचा न्हाय." फाडलंस तरी चालेल, पण आधी शेवटपर्यंत वाच. मला नीट लिहिता येत नाही. एस.वाय.ला सरांशी भांडून परीक्षेतून उठून आलो तो परत कॉलेजात गेलोच नाही, तुला माहीतच आहे. आई अजून भाईंदरला जेसल पार्कातल्या शेजाऱ्यांना सांगते, भूपेशने गॅप घेतलाय. गॅप घेऊन मी इथे बर्फाच्या कारखान्यात लाद्या ढकलतोय.

दशरथदादा गाव सोडून गेल्यापासून आपण तीन मॅच हरलो. तिसऱ्या मॅचला कॉर्नर पडला तेव्हा सुलूमावशी सवयीने मैदानाच्या भिंतीवरून ओरडली, "दादा हाय ना रं!" आणि मग तिनेच तोंडाला पदर लावला. तू म्हणशील, आता कशाला सांगतोस? ज्या गावाने जर्सी गायब करून तोंडावर 'नाही' म्हटलं, त्या गावाच्या बातम्या तुला नकोच असतील. पण त्या जर्सीबद्दलच लिहायचंय. जरा धीर धर.

तुझे ते पप्पा, आमचे ते दशरथदादा. मी तेरा वर्षांचा होतो, भाईंदरहून बसने मित्राबरोबर नुसता समुद्र बघायला आलो होतो. मैदानात मॅच सुरू होणार होती आणि एक माणूस बोटीवरून थेट धावत आला. दंडावर मासळीचे खवले तसेच, अंगात लाल जर्सी, पाठीवर चार. समोरच्या संघात महागडे बूट घातलेला एक पोरगा होता, सगळ्यांना चकवत सुटला होता. दादांनी त्याला धक्कासुद्धा न लावता बॉल काढून घेतला. तो आपला आपणच पडला, तर वाकून विचारतात, "लागला न्हाय ना रं?" त्या दिवशी मी समुद्र बघितलाच नाही. नंतर आठ वर्षं एक रविवार चुकवला नाही. बाहेरचे संघ हसायचे, उत्तनच्या जर्सीला बोंबलाचा वास येतो म्हणून. येणारच, ज्या बांबूंच्या वलांडीवर बोंबील सुकतात तिथेच आपल्या जर्सी सुकतात. दादा त्यांना म्हणायचे, "वास आला का समजायचा, फुडं वाट न्हाय." बावीस वर्षं खरंच वाट नव्हती.

आणि तू. तू किनाऱ्यावर माझ्या दोन पायांमधून बॉल काढलास आणि वर म्हणालीस, "भायंदरवाले, गेट बंद करा की!" तेव्हापासून माझं काय झालं ते मी कधी सांगितलं नाही, तू कधी विचारलं नाहीस. राहू दे.

दादांच्या शेवटच्या मॅचचं सगळं मला मिनिटामिनिटाने आठवतंय. गुडघा सुजलेला, तरी एकाहत्तराव्या मिनिटापर्यंत उभे. मग त्यांनीच बाकाकडे हात केला आणि चालत निघाले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ढोलवाल्याने काठ्या खाली ठेवल्या. बायका भिंतीवर उभ्या राहिल्या. समोरच्या संघाचा वीस वर्षांचा फॉरवर्ड बॉल उचलून आला आणि त्याने तो दादांच्या हातात दिला. मी त्याआधी दोन महिने सगळ्यांशी भांडत होतो, की गुडघ्याला पट्टी बांधा, अर्धी मॅच खेळवा, पण जाऊ देऊ नका. दादांनी मला एकदा बाजूला घेऊन सांगितलंही होतं, "भूपेश, बोट पन कवातरी वाळूवर घ्यावी लागतेच रं." मला पटलं नव्हतं.

आपल्या क्लबची रीत मला तुझ्याइतकीच पाठ. जाणारा खेळाडू आपली जर्सी स्वतः धुऊन वलांडीवर टांगतो, एकाच माणसाच्या कानात सांगतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गावासमोर तो माणूस ती उतरवतो. नंबर त्याचा. आणि जर्सी रीतीने उतरली नाही तोवर गेलेला खेळाडू संघातच धरायचा. हे शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात बसलं, समीक्षा. उतरलीच नाही तर?

त्या संध्याकाळी सगळे मांडवात चहा पीत होते. मी वलांडीकडे गेलो आणि जर्सी काढून शर्टाच्या आत घातली. ओली होती. मीच. क्लबच्या पायरीवर बसणाऱ्या पंढरीनाथआजोबांनी नाही, कमिटीने नाही, गावातल्या कुणीच नाही. मला वाटलं, सकाळी जर्सी नसेल, रीत होणार नाही, लोक म्हणतील देवाच्या मनात नाही, आणि दादा पुढच्या रविवारी परत उभे राहतील. एवढाच विचार केला होता मी. दादांनी कुणाच्या कानात सांगितलंय हे मला ठाऊक नव्हतं, शपथ. तू आदल्या दिवशी म्हणाली होतीस, "सकाळी लवकर ये, गंमत आहे." मी त्याचा माझ्यापुरता अर्थ लावला. इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना पाणी लावून आलो.

आणि तू मुलींच्या नव्या संघाचे बूट घालून वलांडीखाली उभी होतीस. दादा तुझ्या मागे. समोर रिकामा बांबू. तेव्हा मला कळलं गंमत काय होती ते.

त्याच क्षणी बोलायला हवं होतं. जर्सी माझ्या सॅकमध्ये होती, वीस पावलांवर. तेवढ्यात कुणीतरी कुजबुजलं, पोरींना चार नंबर द्यायचा नव्हता म्हणून कुणीतरी केलं. सगळ्यांच्या माना पंढरीनाथआजोबांकडे वळल्या, कारण महिनाभर तेच म्हणत होते, "पोरींला कशाला हवाय फुटबॉल?" आणि मी काय केलं? पुढे होऊन त्या सत्तर वर्षांच्या माणसाची कॉलर धरली. ते म्हणत राहिले, "मी न्हाय रं बाला, माजा हात पन न्हाय लागला." तू मला ओढून बाजूला केलंस. "माझ्या नावाने म्हाताऱ्याच्या अंगावर जातोस?" तुला वाटलं मी तुझ्यासाठी चिडलोय. मी घाबरलो होतो.

दादा खेळणं सोडणार होते, गाव नाही. बाकावर बसून पोरांना शिकवणार होते, तुमच्या संघाला उभं करणार होते. त्यांनी फक्त तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तुला घरी नेलं. पंधरवड्यात वसईला तुझ्या मावशीकडे गेलात. मुलींचा संघ मोडला. मी तर दादांना थांबवायला निघालो होतो.

पंढरीनाथआजोबा त्या दिवसापासून क्लबच्या पायरीवर बसत नाहीत. त्यांच्याशी कुणी बोलत नाही. काल मी त्यांच्याकडे गेलो. जाळं शिवत होते. सगळं सांगितलं. मला वाटलं मारतील, मारायला हवं होतं. ते बराच वेळ गाठी मारत राहिले. मग चटईवर सरकून मला जागा दिली आणि म्हणाले, "मी बोललू तां चुकीचाच व्हता. पन केला मी न्हवता. आता मना सांगून काय? त्या पोरीला सांग, तिच्या बापाला सांग."

म्हणून हे पत्र. येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता, सगळा गाव जमलेला असताना, आजोबांना बरोबर घेऊन मी जर्सी वलांडीवर परत टांगणार आहे, आणि कुणी पळवली होती ते मोठ्याने सांगणार आहे. त्यानंतर मला मैदानात पाऊल ठेवू देणार नाहीत, देऊही नये. माफ कर असं म्हणत नाहीये. तू येशील तेव्हा मी समोर नसेन, हेही सांगून ठेवतो. फक्त एवढंच, दादांना हे वाचून दाखव. गावाने त्यांच्या लेकीला 'नाही' म्हटलेलं नाही. बावीस वर्षं ज्या भिंतीवरून त्यांच्या नावाने ओरडत होते, ती भिंत तुझ्याही नावाने ओरडली असती. एका मूर्खाने तिला संधीच दिली नाही. ये, समीक्षा. जर्सी उतरव.

हे शब्द लिहायचा हक्क आता उरला नाही, तरी दुसरे सुचत नाहीत,
तुझाच,
भूपेश