बाहीवरचा कुरळा केस

ती. ताईस,

धाकटीचा वाकून नमस्कार (कागदावरच, प्रत्यक्षात वाकले की सरळ व्हायला मला आता कपाटाचा आधार लागतो). तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? आम्ही दोघं बरे आहोत, म्हणजे आज बरे आहोत. गेले दोन महिने या घरात काय चाललं होतं ते सांगते, पण बसून वाच.

मागच्या अंगणातलं पीक निघालं आणि यांचं वागणं बदललं. पीक कसलं, घेवडा दोन ओंजळी आणि भोपळे मुठीएवढे. माती पार थकली आहे, आणि ती थकवली यांनीच. गेल्या वर्षी दुकानातलं पांढरं खत टाकून माझी रोपं करपवली होती (जन्मभर वजनमापे खात्यात दुसऱ्यांची मापं तपासली, पण घरी सगळं मुठीनं). तेव्हाच मी बजावलं होतं, पुन्हा माझ्या वाफ्याला हात लावायचा नाही. हे 'बरं' म्हणाले. हे इतक्या सहज 'बरं' म्हणाले की समजायचं, ऐकणार नाहीत.

आधी चहाचा चोथा नाहीसा होऊ लागला. मग भाजीची सालं, अंड्यांची टरफलं, पेपरची रद्दी. विचारलं तर म्हणे घर स्वच्छ ठेवतोय. ज्या माणसानं छत्तीस वर्षांत स्वतःचा ओला टॉवेल दोरीवर टाकला नाही, त्याला स्वच्छता सुचावी? मी डोळे उघडे ठेवले. पुढे दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी, माझा डोळा लागला की हे कापडी पिशवी घेऊन बाहेर पडायला लागले. (डोळा लागत नव्हता. घोरण्याचं सोंग मला चांगलं जमतं.) आणि या मंगळवारी यांचा शर्ट धुवायला घेतला, तर बाहीवर केस. वीतभर लांब, कुरळा. ताई, आपल्या घरात सात पिढ्यांत कुणाचा केस कुरळा नाही. मी तो पाकिटात घालून डाळीच्या डब्यामागे ठेवला आणि दोन दिवस यांना बिनमिठाचं जेवण वाढलं. यांनी ते मीठ न मागता पुसून खाल्लं. मग तर माझी खात्रीच पटली.

शुक्रवारी मी मागोमाग निघाले. हे टपाल कचेरीमागच्या गल्लीत शिरले आणि बायकांच्या ब्यूटी पार्लरच्या मागच्या दारानं थेट आत. मी पुढच्या दारानं घुसले. तिथल्या मुलीनं काय करायचंय विचारलं. नवऱ्याला पकडायला आले, असं कसं सांगणार? तोंडातून निघून गेलं, केस कापायचेत. तिनं खुर्चीत बसवलं, गळ्याभोवती कापड गुंडाळलं. मी पडद्याआडच्या यांच्या आवाजाकडे कान लावून बसले, तोवर माझी वेणी कापलीसुद्धा गेली. तेवढ्यात मालकीणबाईंनी आतून सांगितलं, "अगं, खाली पडलेले सगळे केस काकांच्या पिशवीत भर." पडदा सरकला. आरशात हे मला दिसले, मी यांना.

"तू कधीपासून येतेस इथं?" हे म्हणाले. चेहरा असा, जणू चोरी माझीच पकडली गेली.

आम्ही तडक घरी आलो. मग यांनी मला न्हाणीघरामागच्या कोपऱ्यात नेलं आणि पोतं बाजूला केलं. खाली हातभर खोल खड्डा. त्यात वाळका पाला, सालं, केस, वर माती, पुन्हा पाला. रद्दीचे तुकडेसुद्धा सगळे एका मापाचे (म्हणजे मोजता येतं तर). यांनी कडेनं खुरपं घालून तळाचं मूठभर काढून माझ्या हातावर ठेवलं. काळं, भुसभुशीत, नुकतं पाणी घातलेल्या कुंडीचा वास. एक गांडूळ माझ्या बोटावरून निवांत चाललं होतं. केस कुजायला वेळ लागतो, पण मातीला पुढे पुष्कळ दिवस पुरतात, असं यांना मालकीणबाईंच्या माळी भावानं सांगितलंय.

"तुझी माती मी बिघडवली होती," हे खाली बघत म्हणाले. "म्हटलं, सुधारली की मग सांगावं."

ताई, दोन दिवसांच्या बिनमिठाच्या जेवणाची मला फार लाज वाटली. मग यांनी पिशवीतून माझी वेणी काढली आणि विचारलं, घालू की ठेवू? मी म्हटलं, घाला, पण वाफा माझाच. हे 'बरं' म्हणाले. वेणी खड्ड्यात नाही. मी दोनदा उकरून पाहिलं.

तुझी,
(आता मानेपर्यंतच केस उरलेली)
धाकटी

ता. क. : केस सापडला त्याच दिवशी रागाच्या भरात मी तुला एक पत्र टाकलं होतं. दोन पेट्या घेऊन कायमची तुझ्याकडे येतेय, असं त्यात आहे. मी येत नाही. खरं तर हे पत्र त्यासाठीच लिहिलं. ते आधीचं पत्र न वाचता बारीक फाडून तुझ्या कुंड्यांत घाल. हे म्हणतात, कागद छान कुजतो.

ता. क. दुसरा : फाडण्याआधी त्या पत्राचं तिसरं पान तेवढं वाच. ते भाऊजींबद्दल आहे, आणि ते मी रागात लिहिलेलं नाही.