आठवणीनं आणि आठवतं

प्रिय बाबा,

सुएझच्या गोदामातल्या आगीबद्दल काल कंपनीने तुमची चौकशी केली. 'गॅसची झडप बंद केल्याचं आठवतं' हे तुमचं बोलणं दुभाष्याने इंग्रजीत 'रिमेंबर टू क्लोज' असं केलं. साहेब म्हणाला, "आठवणीनं बंद करतो, ही झाली रोजची सवय. त्या दिवशी केली का?"

तुम्ही मान खाली घातलीत. तुमच्यासोबत आलेली मी उभी राहिले.

"साहेब, 'रिमेंबर क्लोजिंग' लिहा. त्या दिवशी बंद केल्याचं बाबांना आठवतंय."

"तू वकील आहेस?"

"नाही, इंग्रजी शिकवते."

त्याने ओळ खोडून नवी लिहिली. तुमची नोकरी वाचली.

मला इंग्रजी शिकायला का अडवत होतात, हे विचारायला पत्र लिहायला घेतलं होतं. पण आज तुम्ही स्वतःच धाकट्या बहिणीचं, नुहाचं, नाव इंग्रजीच्या वर्गात घातलंत. आता हे पत्र तुम्हाला देत नाही.

तुमची थोरली,
रबाब