अर्धं ग्राउंड लासूरवाल्यांचं

अण्णा, मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो, मोबाईल माझा, डेटा माझा, खेळणारी पोरं आपल्या गल्लीतली, मग मॅच दाखवायचा हक्क सगळ्या क्लबांचा मिळून कसा काय होतो? तुमचं एकच. "गोल मारायला समोर कुणीतरी लागतं का नाय रे शहाण्या?" एवढं बोलायचं आणि ताटातल्या भाकरीकडं वळायचं, जसं काय मी हरलोच. मी हरलो नव्हतो. माझं उत्तर तयार होत होतं आणि तुम्हीच मधनं उठून गेलात. सात वर्षं झाली. उत्तर अजून माझ्याकडंच आहे, आणि काय सांगू, आता ते मलाच नको झालंय.

हे कागदावर लिहितोय, कारण मोबाईलवर लिहिलं तर चुकून कुणाला तरी जाईल. अक्षर तुम्हाला माहिती आहे, नववीपर्यंतचंच आहे. मी होसूरला असतो आता, तमिळनाडूत, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत. आधी चाकण, मग साणंद, मग इथं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, याच्या पायाला भिंगरी लागलीय. खोलीत आम्ही पाच जण, बाकी सगळे ओडिशाचे. आज मंगळवार, माझी सुट्टी. ते कामावर गेलेत, म्हणून बसलोय लिहायला.

रविवार डोळ्यापुढं येतो तो असा. तुम्हाला कंपनीची सुट्टी आहे. सकाळी आंघोळ करून तुम्ही इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलाय आणि मंडपवाल्याकडनं वायरचा माईक आणलाय. आठवडाभर चिकलठाण्याच्या शेडमध्ये वेल्डिंग करणारा माणूस रविवारी ग्राउंडच्या कडेला खांबाला टेकून उभा राहतो आणि सगळ्या ग्राउंडचा मालक होतो. "आला, आला, डावीकडनं आला, अरे पास दे की बाबा, बॉल काय तुझ्या आज्यानं घेऊन ठेवलाय का!" लोक मॅच बघायला कमी आणि तुम्हाला ऐकायला जास्त यायचे, हे मी तोंडावर कधी म्हणलो नाही. मधेच खेळ सोडून तुम्ही सांगायचात, एमएच वीस, लाल मोटारसायकल, मालक जिथं असतील तिथनं यावं, चहावाल्याचा गाडा अडकलाय. आणि लासूर स्टेशनची टीम आली की तुमचा आवाजच वेगळा व्हायचा. दिवसा मोंढ्यात पोती उचलणारी पोरं ती, बुटांना दोरी बांधून खेळायची. "लासूरवाल्यांसाठी टाळ्या होऊ द्या, पोरं पहाटेच्या रेल्वेनं आलीत, उपाशी आलीत." मी मोबाईल धरून उभा असायचो आणि मला राग यायचा. बाप आपला, माईक आपला, आणि टाळ्या त्यांना.

मोबाईलवर मॅच लाईव्ह दाखवायचं ते डोकं माझंच होतं, एवढं तरी तुम्ही मान्य कराल. आपल्या वस्तीतली निम्मी पोरं बाहेर, कुणी पुण्याला, कुणी सुरतेला, कुणी दुबईला. त्यांना रविवारी आपलं ग्राउंड दिसलं की तिकडनं लाल बदाम पाठवायची, शिव्या पाठवायची, कालच्या भांडणांची चौकशी करायची. गॅरेजवाल्यानं जाहिरात दिली, वडापाववाल्यानं दिली. दुसऱ्या क्लबांनी पण आपापलं चॅनेल काढून बघितलं, त्यांचं कुणी बघत नव्हतं. लासूरकडं तर चॅनेलच नव्हतं. म्हणून मी म्हणायचो, आपलं आपण दाखवू, लोक ज्याला बघतेत त्याला पैसे मिळू देत.

मग तो केबलवाला आला. म्हणाला, सगळी लीग मला द्या, एका ठिकाणी दाखवतो, पैसे एकदम देतो, तुमचं तुम्ही वाटून घ्या. मीटिंग शाळेच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. सगळ्या क्लबांची माणसं, कागदी कपातला चहा, आणि आपण दोघं बापलेक समोरासमोर. मी उभा राहून म्हणलो, "लोक आम्हाला बघतेत. लासूरला कोण बघतंय?" लासूरचा कॅप्टन तिथंच बसला होता, खाली मान घालून कपाची कड सोलत. तुम्ही माईकशिवाय बोललात तरी शेवटपर्यंत ऐकू गेलं. "खाली बस. अर्धं ग्राउंड लासूरवाल्यांचं असतंय. ते आलेच नाय तर गोल कुणाला मारशील, भिंतीला? आन भिंतीला मारलेला गोल दुबईत कोण बघंल रे?" सगळे हसले. लासूरचा कॅप्टनसुद्धा हसला. मी चपला घालून बाहेर पडलो. मागनं तुमचं ऐकू येत होतं, "सारखे वाटे करा, आमच्या क्लबाची सही पहिली घ्या." तेव्हा ते झालंच नाही. दोन क्लब फुटले आणि केबलवाला निघून गेला. मला वाटलं, जिंकलो.

त्यानंतर बरेच दिवस तुम्ही माझ्याशी सरळ बोलत नव्हतात. एका संध्याकाळी कंपनीतनं येताना हातात लोखंडाचं काहीतरी घेऊन आलात आणि दारात चपलांशेजारी ठेवलंत. भंगारातल्या पाईपाचे तीन पाय, वर मोबाईल धरायला चिमटा, चिमट्याला आतनं सायकलच्या ट्यूबचं रबर, स्क्रीनला ओरखडा पडू नये म्हणून. मी समोर बसलेलो, तरी तुम्ही सांगितलंत आईला. "त्याला म्हणाव, हात हलतो त्याचा. दुबईवाल्यांना चक्कर येत असंल. मला त्याचं पटत नाय, पण दाखवायचं तर नीट दाखव म्हणाव." आईनं माझ्याकडं बघून विचारलं, "ऐकलं का?" मी पण तिलाच म्हणलो, "ऐकलं म्हणाव."

त्या दिवाळीनंतर तुम्ही गेलात. दुपारच्या पाळीला निघताना, एक बूट पायात, एक हातात. पुढच्या का त्याच्या पुढच्या रविवारी मॅच झाली. मी स्टँड लावला, लाईव्ह सुरू केलं. माईकवर कुणी नव्हतं. नुसता बॉलचा आवाज येत होता आणि पोरांच्या पळण्याचा. दुबईवरनं एकानं लिहिलं, आवाज येत नाही, काका कुठंयत? मी स्टँड उचलला आणि मॅच अर्धी सोडून घरी आलो. महिनाभरात चाकणला.

स्टँड घरीच राहिला. आईनं तो ओट्यापाशी ठेवलाय. तिला फुटबॉलमधलं काही कळत नाही, ऑफसाईड म्हणजे काय हे तुम्ही भाकरीचे तुकडे मांडून शिकवलं होतंत तरी नाही. पण रोज भाकऱ्या थापताना ती त्या चिमट्यात तुमचा जुना मोबाईल अडकवायची आणि चॅनेलवरची एखादी जुनी मॅच लावायची. मी फोन केला की मागनं तुमचा आवाज यायचा, पास दे की बाबा. एखाद्या वेळी मी काही न बोलता तसाच ऐकत राहायचो आणि आई म्हणायची, "हॅलो? रेंज नाय का रं?"

दोन महिन्यांमागं क्लबाच्या सेक्रेटरी काकांचा फोन आला, तुमच्याबरोबर चहाला बसायचे ते. आवाज खूश होता. "झालं बघ तुझ्या बापाच्या मनासारखं. एका ॲपवाल्यानं सगळी लीग घेतली. सारखे वाटे. लासूरला बी आपल्याएवढंच." मी म्हणलो, बरं झालं. मग ते जरा चाचरले. "एक काम हाय. जुन्या मॅच बी त्यांनी घेतल्यात. कुठल्याच क्लबानं आपल्या चॅनेलवर काय ठेवायचं नाय. पासवर्ड तुझ्याकडं हाय. तू काढल्याबिगर कुणाचेच पैसे सुटत नायत."

"काका, त्यात अण्णा आहेत."

"मग ॲपवर दिसतील की. हितल्यापेक्षा भारी दिसतील. आन लासूरवाले औंदा टीम उतरवायची का बंद करायची, ते बघू राहिले. तुझ्यापाशी अडलंय, बाळा."

मी दोन दिवस मागून घेतले. रोजचा डेटा एका मॅचमध्ये संपतो. खोलीतल्या एका पोरानं काही न विचारता त्याचा हॉटस्पॉट दिला. चार मॅच उतरल्या आणि फोन भरला. मग चॅनेलवरच्या सगळ्या एकेक करून काढल्या. दर वेळी मोबाईल विचारतो, नक्की काढायचं का? मी व्हय म्हणत गेलो.

काकांनी फसवलं नाही, तुम्ही खरंच भारी दिसता. ॲपवर त्यांनी एक मॅच फुकट लावलीय, नमुना म्हणून. आपली आणि लासूरची. मी कँटीनमध्ये बसून लावली. चित्र असं साफ केलंय की शर्टाची इस्त्रीसुद्धा दिसते. खांबाला टेकून उभे आहात, माईक तोंडाशी आहे, तोंड हलतंय, आणि आवाज भलत्याच पोराचा. हिंदीत. "क्या शानदार मूव है दोस्तों!" मागं हजारो माणसांचा गोंगाट घातलाय, आपल्या ग्राउंडवर हजार माणूस कधी होतं? बॉल गटारीत गेला तिथं तुम्ही काहीतरी बोललात आणि कडेची सगळी माणसं पोट धरून हसली. त्यांच्या हसण्याला आवाज नाही. ते पोरगं सांगतंय, गेंद मैदान के बाहर. मी ताट तसंच ठेवून उठलो.

काकांना फोन करून ओरडलो. ते म्हणाले, "अरे, स्पीकरवर मधे मधे गाणी वाजत होती ना. गाण्यावाल्यांचं लफडं नको म्हणून त्यांनी सगळा आवाजच काढून टाकला. त्यांना काय माहीत माईकवर कोण होतं ते." मग तेच हळूच म्हणाले, "लासूरवाले आले रे परवा. सगळी पोरं नव्या बुटात. टेम्पो करून आले, जेवून आले." आता याच्यावर मी काय भांडणार होतो, सांगा. तुम्ही जे म्हणत होतात तेच झालं, आणि ते व्हावं म्हणून लासूरला टाळ्या मागणारा आवाज मला माझ्या बोटानं काढावा लागला. तुम्ही तरी काढला असतात, मला माहिती आहे. हसत हसत काढला असतात. त्याचाच जास्त राग येतो.

आईला मी काही सांगितलं नव्हतं. मॅच लागत नाही म्हणाली की नेटवर्कवर ढकलायचो. परवा शेजारच्या पोरीनं तिला ॲप लावून दिलं. आईचा फोन आला, तेव्हा उचलायलाच नको वाटत होतं.

"बघितली ती मॅच," ती म्हणाली.

"आई, त्यात आवाज अण्णांचा नाही."

"व्हय, कुणीतरी पोरगं बोलू राहिलंय. मी म्हणलं, आधी ह्याचं तोंड बंद कर बाई. तिनं आवाज बंद करून दिला. मग नीट बघितली."

"मग काय बघितलंस? मुकी मॅच?"

"मुकी कशानं? त्यांचं तोंड दिसतंय की. बॉल गटारीत गेल्यावर काय म्हणलेत, सांगू?" आणि तिनं सांगितलं, अण्णा, अगदी तुमच्या ठेक्यात. "नगरसेवकसाहेब कुठं असतील तिथनं यावं, बॉल काढायचाय, निवडणुकीत म्हणला होतात कुठल्याबी कामाला हाक मारा!" मला हसू फुटलं. शिफ्ट सुटत होती, पोरं माझ्याकडं बघत होती, आणि मी तोंडावर हात दाबून भिंतीकडं वळलो. आई म्हणाली, "सात वर्षं ऐकू राहिले, पाठ नसंल व्हय मला? लासूरच्या टाळ्या बी मीच वाजवल्या. पिठाचे हात, सगळा ओटा पांढरा झाला." मग म्हणाली, "बाकीच्या बघायला वर्षाचे पैसे भरावे लागतेत म्हणं. लई असतील तर राहू दे. मला ही एक बी पुरंल."

हा कागद कुठं टाकायचा नाहीये, घडी करून बॅगेच्या तळाला जाईल. पण एक सांगतो. त्या चार मॅच आहेत माझ्याकडं, तुमच्या आवाजासकट. सुट्टीत घरी जाईन तेव्हा आईच्या मोबाईलवर टाकीन. मी मात्र त्यातली एकही अजून लावलेली नाही. बोट तिथपर्यंत जातं आणि परत येतं. तुम्ही बोलायला लागलात तर मला ते उत्तर द्यावं लागेल, आणि उत्तर म्हणजे एवढंच आहे की खाली बस म्हणालात तेव्हा मी बसायला पाहिजे होतं का नाही हे मला अजून कळलेलं नाही. आईचे वर्षाचे पैसे आज पाठवतोय. त्यातला वाटा लासूरला जाणार, तुमच्या हिशोबानं, सारखा. मला अजूनही पटलेलं नाही. पाठवतोय, नऊशे नव्व्याण्णव रुपये.