बाबांचे शेरे आणि स्थानकाचा भोंगा

प्रिय ताई,

वाकून नमस्कार. (वाकून अशासाठी, की सध्या मान वर करून कोणाकडे बघवत नाही.) भावोजींचा गुडघा कसा आहे? तुमच्याकडे हवा कशी आहे? तू स्वतःच्या तब्येतीबद्दल कधी धड सांगत नाहीस, तेव्हा ती चांगली आहे असं धरून चालतो. बाबा तुझ्याकडे पोचले असतीलच. का आलात म्हटल्यावर ‘सहज’ म्हणाले असतील. सहज नाही आले, माझ्यामुळे आले.

बाबांच्या बस स्थानकावर सूचनाफलक आणि भोंगा नव्याने जोडायचं काम मला मिळालं, हे तुला ठाऊक आहे. (त्यांनीच शब्द टाकला होता. हे लिहिताना आणखीच मेल्यासारखं होतं.) गाडी उशिरा आहे, फलाट बदलला, असं सगळं बाबा संगणकात भरतात. पूर्वी ते फलकावर यायला इतका वेळ लागे, की गाडी निघून गेली तरी ‘येत आहे’ दिसायचं. मी म्हटलं, हे ताबडतोब झालं पाहिजे. आता गंमत अशी, की माहिती साठवणारा संगणक स्वतःचा एक रोजनामचा ठेवतो. काय लिहिलं, काय खोडलं, सगळं ओळीने. माझा प्रोग्राम त्या रोजनामच्याला डोळे लावून बसतो, आणि नवी ओळ पडली रे पडली की उचलून भोंग्याकडे देतो. भोंग्यातली बाई ती वाचते. (तीही प्रोग्रामच, पण आवाज फार गोड.)

फक्त कुठले रकाने उचलायचे, हे त्याला सांगायचं मी विसरलो. त्याने सगळेच उचलले. त्यात ‘शेरा’ नावाचा एक रकाना होता, जो आजवर कुठेच दिसत नव्हता. आपले बाबा, जे घरी चहात साखर विसरली तरी मुकाट पितात, ते रोज त्या रकान्यात मन मोकळं करायचे आणि निघताना पुसून टाकायचे. मला कुठलं माहीत!

पहिल्या दिवशी स्थानकाचे साहेब मुद्दाम प्रतीक्षालयात खुर्ची टाकून ऐकायला बसले. बाई म्हणाली, प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, टेकडीकडची गाडी उशिरा सुटेल. शेरा: चालकाचं सासुरवाडीशी वाजलंय, आज त्याला कोणी छेडू नये. चालक फलाटावरच उभा होता. लोक हसले. पाठोपाठ, त्याच गोड आवाजात: साहेब बैठकीत घोरत होते, मी ऐकलं नाही असं दाखवलं.

बाबांनी काचेच्या खोलीतून हे ऐकलं आणि भराभर सगळं खोडायला लागले. पण रोजनामच्यात खोडणंसुद्धा येतं, तेही काय खोडलं त्यासकट. त्यामुळे बाई परत सुरू झाली. प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, पुढील शेरा रद्द करण्यात येत आहे: साहेब बैठकीत घोरत होते.

मी धावत जाऊन प्रोग्राम बंद केला. खोडलेलं वाचू नये, एवढी दुरुस्ती केली. (लिहिलेलंही वाचू नये, ही खरी दुरुस्ती सुचलीच नाही. घाबरलेला माणूस शेवटची जखम आधी बांधतो.) आणि पुन्हा चालू केला. आता तो जिथे थांबला होता तिथूनच पुढे वाचायला लागतो, मधलं काही सोडत नाही. याच गुणाचं मी साहेबांपुढे तोंड भरून कौतुक केलं होतं. मधल्या वेळात, भोंगा बंद आहे असं समजून, बाबांनी एक शेरा लिहिला होता. तो बाईने साऱ्या स्थानकाला ऐकवला: पोरगा घाबरलाय. सकाळपासून पोटात काही नाही. साहेबांनी विचारलं तर चूक माझी म्हणून सांगावं.

यावर कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

बाबा उठले, पिशवी घेतली, माझ्याजवळून जाताना म्हणाले, “जेवून घे.” आणि तुझ्या गावच्या गाडीत जाऊन बसले.

मी साहेबांकडे जाऊन चूक माझी, बाबांची नाही, असं सांगितलं. त्यांनी उठून दार लावून घेतलं. मग हळूच म्हणाले, “घोरणं बाहेरपर्यंत ऐकू जातं का हो?” मी नाही म्हटलं. (जातं.) बाबांची खुर्ची तशीच आहे, त्यांनी यावं, असा साहेबांचा निरोप आहे. शेऱ्याच्या रकान्याला आता माझा प्रोग्राम हात लावत नाही, हेही बाबांना सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. – मी निरोप पाठवला असं म्हणू नकोस. त्यांच्यावाचून वेळापत्रकाचा बोजवारा उडालाय, एवढंच सांग. (उडालाय, पण तोही माझ्यामुळेच.)

ता. क. – पाकिटावर तिकीट नाही, हे तू पाहिलं असशीलच. तुमच्याकडची हवा मला ठाऊक आहे, कारण मघापासून तुझ्या घरासमोरच्या बाकावर बसून हे लिहितोय. पाकीट दाराखालून सरकवीन, घंटी वाजवायचा धीर होत नाही. बाबा एकदा गॅलरीत आले, आत गेले, आणि चष्मा लावून परत आले. आता जिना उतरताना दिसतायत. हातात ताट आहे. ताई, तूही खाली ये ना.