नटखाली झाकलेली अक्षरे

३ ऑगस्ट, सोमवार. सकाळी साडेसहा.
बाहेर हिवाळ्यातले दंव. प्रार्थना झाली. आज कारखान्याची मालकीण नोलीन इंपेलरचे काम माझ्या हाती देणार. दुसऱ्या कोणाच्या देणार?
पुरात अडकलेली माणसे काढणाऱ्या जेटबोटीचा हा इंपेलर आहे. मध्ये तुंबा, म्हणजे चाकाला असतो तसा गोल गाभा, आणि भोवती पिळवटलेली पाच पाती. पाणी पुढून ओढावयाचे आणि मागे फेकावयाचे. घडीव पोलादाचा ठोकळा एकच आला आहे. दुसरा मागवावा तर चार महिने, आणि वसंतातले पूर आपल्यासाठी थांबत नसतात. यंत्रातला कटर कोणत्या वाटेने, किती कलून, कोणत्या क्रमाने फिरावा, हे आधी संगणकावर आखावे लागते. इन्व्हरकार्गिलमधल्या या कारखान्यात ती वाट एकतीस वर्षे मी आखीत आलो आहे.
जो वाट आखतो त्याची आद्याक्षरे तुंब्याच्या तोंडावर कोरावयाची. वर नट बसला की ती झाकली जातात. नोलीनच्या वडिलांनी घालून दिलेली ही चाल. उजव्या हाताचे डाव्याला कळू नये, तसे. मागच्या दाराजवळच्या कपाटात आमची जुनी कामे ठेवलेली असतात; गिऱ्हाइके ती, बहुधा नमुना म्हणून, परत पाठवितात. गेल्या शुक्रवारी मोजली. एच. बी., म्हणजे माझी, एकोणीस. इतर सर्व मिळून तीन. नोलीनचे वडील मला नेहमी म्हणत, ‘हेक्टर, तुझं काम मात्र पुन्हा पुन्हा बघायला मिळतं बाबा.’ थोर मनाचा माणूस.

त्याच दिवशी, सायंकाळी.
काम सेफिनाला दिले.
सेफिना लेआतुआ. मूळची सामोआची, ऑकलंडहून येऊन तिला सहा महिने झाले. मी सहा दशके व सहा वर्षांचा आहे. नोलीन म्हणाली, ‘हेक्टरकाका, तुम्ही फक्त नजर टाका, दमू नका.’ यंत्र चालविणारा रांगी म्हणाला, ‘बुवा, आता आराम करा, आम्हाला आशीर्वाद द्या.’
मला मत्सर वाटत नाही. मत्सर हाडे कुजवितो. माझे गुडघे दुखतात ते थंडीने.

५ ऑगस्ट, बुधवार.
दहाच्या चहाला घरून चीज रोल नेले होते. आमच्या साउथलँडमध्ये दहाच्या चहाला दुसरे काय नेणार? सेफिनाने पानिकेके आणले होते, तळलेले गोळे. रांगीने अकरा खाल्ले. माझे रोल सर्वच्या सर्व डब्यातून घरी परत आले. गरम करून रात्रीच्या जेवणाला मीच खाल्ले. उत्तम होते.
संकल्प: तिच्याविषयी वाईट चिंतावयाचे नाही. तिच्या आखणीविषयी मात्र सत्य बोलावयाचे.

६ ऑगस्ट, गुरुवार.
नजर टाकली. ती एक पाते पुरे करीतच नाही! पाचही पात्यांचे शेंडे थोडे कापते, मग पाचही थोडे खाली, मग आणखी खाली, अशी थराथराने उतरते. बायबलात जगाची उत्पत्ती अशी झाली नाही. त्या दिवसाचे काम त्या दिवशी पुरे झाले, चांगले आहे असे पाहिले गेले, मगच दुसरा दिवस उजाडला.
तिला हे समजावून सांगितले. ती हसून म्हणाली, ‘काका, उत्पत्तीत पाती एवढी पातळ नव्हती हो! खालचं पोलाद असू दे, तेच पात्याला धरून ठेवतं.’
उत्तर चटपटीत होते. खोल नव्हते.

९ ऑगस्ट, रविवार.
चर्चमध्ये आज शास्त्रपाठ सेफिनाने वाचला. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी तो मी वाचतो, आणि मूळ ग्रीकमधून मनातल्या मनात ताडूनही पाहतो. लोक तिच्याभोवती जमले. कोणी म्हणाले, आज पहिल्यांदाच अर्थ कळला. वाक्य मजपासून तीन पावलांवर उच्चारले गेले.
बायबलातल्या त्या वृद्ध राजाने, लोक स्तुती करतात म्हणून, आपल्या वीणावादकावर भाला फेकला, ती कथा दुपारी पुन्हा वाचली. तो वादक निर्दोष असून त्याला किती सोसावे लागले! मला त्याचे दुःख आज नीट समजले.
संकल्प: इंपेलरची वाट घरी स्वतः आखावयाची. केवळ मनन म्हणून.

१२ ऑगस्ट, बुधवार.
आखणी पुरी. एक पाते, संपूर्ण, मग दुसरे. वेळ अकरा तास. तिची चौदा तास घेते. हे नोलीनला दाखविणे मत्सर नव्हे, कारभारीपण आहे.
नोलीनने कपाळ चोळले. म्हणाली, ‘बरं बाबा, दोन्ही मेणात कापून बघू. भांडू नका.’ आम्ही भांडत नव्हतो. सेफिना तर गुणगुणत होती.

१५ ऑगस्ट, शनिवार.
मेणाच्या ठोकळ्यांवर दोन्ही वाटा चालविल्या. माझी पाचही पाती आरशासारखी. तिचीही बरी आली. वेळेत मी जिंकलो. काम मला मिळाले.
सेफिना नोलीनला म्हणाली, ‘मेण कापताना ओरडत नाही, ताई. पोलाद ओरडेल.’ पराभूतांनी काही तरी बोलावेच लागते. मी उदार मनाने तिचा एक पानिकेका खाल्ला. ठीक होता. नंतर आणखी चार खाल्ले, मन दुखावू नये म्हणून.
माझी मेणाची प्रतिकृती कापडात गुंडाळून टेबलावर ठेवली आहे. चर्चच्या मंडळाला पुढच्या बैठकीत दाखवीन.

१८ ऑगस्ट, मंगळवार. दुपारी.
घडले ते क्रमाने लिहितो. उत्तेजित नाही.
सकाळी सातला पोलाद चढविले. पहिल्या पात्याच्या दोन्ही बाजू तळापर्यंत मोकळ्या झाल्या. मग शेवटच्या आधीचा बारीक हात फिरू लागला. पाते एकटे, उंच, पातळ उभे होते. त्यातून एक स्वर निघाला. मला तो चर्चमधल्या ऑर्गनच्या खालच्या सुरासारखा वाटला, आणि मी तसे बोललोही. रांगी म्हणाला, ‘बुवा, ऑर्गन नव्हे हो, डुक्कर मारल्यासारखं ओरडतंय! बंद करू का?’ मी म्हणालो, श्रद्धा ठेव.
स्वर चढला. सेफिना आपल्या टेबलावरून धावत आली आणि तिने लाल बटण दाबले. माझी परवानगी न घेता.
पात्यावर लहरी उठल्या आहेत, ओहोटीनंतर वाळूवर उठतात तशा. नख फिरविले की लागतात. नोलीन भिंतीकडे पाहत होती; तेथे बोटीवाल्यांचे कॅलेंडर आहे.
नोंद: अंगावर अर्धा मिलिमीटर मी शिल्लक ठेवला होता. लहरी त्याहून उथळ आहेत. म्हणजे ठोकळा माझ्याच दूरदृष्टीने वाचला. हे कोणी बोलून दाखविले नाही.

१९ ऑगस्ट, बुधवार.
सेफिना म्हणते, मोकळ्या पडलेल्या पात्याच्या दोन्ही बाजूंना मेण ओतून गोठवावे, म्हणजे त्याला आधार मिळेल आणि ते थरथरणार नाही. मग वरचे थोडे थोडे मेण काढीत, थोडे थोडे पाते कापीत उतरावे. बाकीची चार तिच्या पद्धतीने. मेण कारखान्यात पुरेसे नव्हते. तिची प्रतिकृती तिने आधीच वितळविली होती.
ती माझ्या टेबलापाशी आली. म्हणाली, ‘काका, तुमचं द्याल? फार सुंदर आलंय, मला कळतंय. पण नदीवर मेणाचा उपयोग नाही ना हो.’
कापड मी स्वतः सोडले. चर्चच्या मंडळाने अजून पाहिले नव्हते. पातेल्यात पहिल्याने शेंडे विरघळले. रांगीने एकदाही थट्टा केली नाही, हे मला विशेष जाचले.

२१ ऑगस्ट, शुक्रवार. दहाच्या चहानंतर.
इंपेलर झाला. पाचही पाती निर्दोष. पहिले कोणते होते, हे मलाही ओळखता येत नाही. पहिल्या पात्यास आधार माझ्या मेणाने दिला, हे लक्षात घेता अक्षरे दोघांची असावीत असे मी चहाच्या वेळी सुचविले. सेफिना लगेच म्हणाली, ‘हो हो, काकांचीसुद्धा घाला.’
नोलीन म्हणाली, ‘नको. एकट्या सेफिनाची.’ मी कारण विचारले. ती म्हणाली, ‘काका, ही बोट माणसं काढायला जाणार आहे. हा इंपेलर मला पुन्हा या दारात दिसायला नको.’
दाराचा आणि अक्षरांचा संबंध काय, असे मी विचारले.
रांगीने कपात पाहिले. नोलीनने सेफिनाकडे पाहिले, आणि सेफिनाने माझ्यापुढे बशी सरकविली. हळू आवाजात म्हणाली, ‘काका, अक्षरं कोरतात ती, काम बिघडून परत आलं की कुणाला बोलवायचं ते कळावं म्हणून. मला पहिल्याच दिवशी सांगितलं हो ताईंनी. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असणार.’
बशीत चीज रोल होते. तिने केलेले. माझ्याहून चांगले होते.

२३ ऑगस्ट, रविवार.
शास्त्रपाठ पुढेही सेफिनानेच वाचावा, असे मंडळाला मीच सुचविले. लगेच मान्य झाले. फारच लगेच.
दुपारी ती राजाची कथा पुन्हा काढली. भाला कोणाच्या हातात होता, ते या वेळी पाहिले.
बारीक कामाचा चष्मा कारखान्यात राहिला होता, म्हणून सायंकाळी तिकडे गेलो. मागच्या दाराने आत शिरलो. कपाट उघडेच होते. वरच्या फळीवर आणखी एक जुने काम परत आले आहे. नट काढून ठेवलेला आहे; अक्षरे उघडी आहेत.
चष्मा घेतला; तो न लावताच बाहेर आलो.