तिसऱ्या भागाचं काय झालं?

बोरगाव मेघे, वर्धा

प्रिय हर्षा,

रविवार, ८ जून २००३, दुपारी सव्वाचार वाजता, वर्ध्याच्या सायबर कॅफेत बसून मी वाचलं, की तुमचं ‘युनागी’ बंद झालं. तेही मार्चमध्येच! आणि परवा फोनवर तू मला सांगतेस, ऑफिसात फार धावपळ आहे. कसली धावपळ? खुर्च्या-टेबलं उचलायची?

एवढ्या मोठ्या जपानी कंपनीनं फक्त गोष्टी सांगणाऱ्या व्हिडिओ गेमसाठी वेगळं लेबल, म्हणजे वेगळ्या नावाचा विभागच, काढावं, दोन वर्षांत गुंडाळावं आणि वर इंग्रजीत लिहावं, आपल्या प्रेमाबद्दल आभार! जिल्हा परिषदेत जन्मभर मी असली गोड पत्रं वाचली. माणसांना घरी बसवलं, हे सरळ लिहायला कुणाचा हात धजत नाही. आमच्या कॉन्व्हेंटात खोटं बोललं की शंभर ओळी लिहायला लावत. तुला तिथे घातलं नाही, चुकलंच.

तू लिहिलेल्या गेमचे दोन्ही भाग मी खेळले. शेजारच्या शकुंतलाबाई तांदूळ निवडायला ताट घेऊन येऊन बसतात आणि खडे तसेच राहतात. गेममध्ये दारात उभी असलेली मुलगी आईला विचारते, जाऊ का? पडद्यावर दोन उत्तरं येतात. मी ‘जाऊ नकोस’ दाबलं, तर खेळ तिथंच संपला. शकुंतलाबाई माझ्यावरच भडकल्या, काऊन अडवता तिले, मले पुढचं पाहाचं हाय ना बाई! मग ‘जा’ दाबलं. मुलगी परक्या गावच्या स्टेशनवर उतरली आणि दुसरा भाग संपला. तेव्हापासून त्या रोज विचारतात, थे पोरगी अजून टेशनावरच बसून राह्यली का? काय सांगू त्यांना? साहेबांनी लेबल बंद केलं, म्हणून?

पण गेम गेला खड्ड्यात. ती गोष्ट लिहिणारी तीन महिने नोकरीविना परक्या शहरात काय खाते, कशावर राहते, ते मला हवं आहे. तू निघालीस तेव्हा सगळे नको म्हणत असताना मीच जा म्हटलं, म्हणून परत यायची लाज वाटते का? परत येऊ नकोस, असं मी कुठल्याही भाषेत म्हटलेलं नाही. येणार असशील तर कळव. दुसरं काम धरून तिथंच राहणार असशील तर तेही कळव, मी ओरडणार नाही. फार ओरडणार नाही. फोन करू नकोस, फोनवर तू नुसतं ‘बघू’ म्हणतेस. ३१ जुलैच्या टपालापर्यंत तुझ्या हाताने लिहिलेलं उत्तर मला मिळालंच पाहिजे.

तुझीच, रागावलेली,
आई